मारुती ८०० (१९८९): थंडीत स्टार्ट न होणे आणि जुनी वायरिंग, प्रकल्प नोंदी

गाडी: एफ८बी इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलेंडर, कार्बोरेटर, हाताने ओढायचा चोक, पॉइंटचा (उघडझाप होणाऱ्या संपर्कांचा) डिस्ट्रिब्युटर. मध्यंतरी एलपीजी किट बसवले होते. टाकी आणि रेग्युलेटर काढून झाले आहेत, पण किटच्या वायरी बॉनेटखाली तशाच आहेत. मुक्काम निफाड तालुका. इथे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. पुण्या-मुंबईत वर्षभर लपून राहणारे दोष या थंडीत पहिल्याच सकाळी उघडे पडतात.

६ डिसेंबर: लक्षणे

पार्ट आणण्याआधी गाडी नेमके काय करते ते लिहून काढले.

सकाळी पहिला सेल्फ मंद फिरतो. इंजिन फिरते, पण पेटत नाही. चोक पूर्ण ओढूनही फरक नाही. बऱ्याच वेळा सेल्फ मारल्यावर एखादा सिलेंडर फुटफुटतो, मग गाडी धरते. एकदा चालू होऊन बंद केली की दिवसभर पहिल्याच सेल्फला चालू. कधी कधी चावी फिरवल्यावर फक्त ‘टक्’ होते, सेल्फ फिरत नाही. दुसऱ्यांदा फिरवली की फिरतो. हेडलाइट पिवळट. चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते.

‘बॅटरी गेली’, ‘कार्बोरेटर साफ करा’, ‘सेल्फ भरून घ्या’ हे तिन्ही सल्ले मिळतात आणि तिन्हींना पैसे लागतात. मीटर लावायला काही लागत नाही. म्हणून आधी मीटर.

साहित्य: दोन दशांश दाखवणारा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, हायड्रोमीटर (बॅटरीच्या ॲसिडची घनता मोजणारा), फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), १०-१२-१४ चे पाने, पॉलिश पेपर, वायर ब्रश. टेस्ट लॅम्प मीटरइतकाच महत्त्वाचा. एका तारेवर उरलेल्या वायरीवरही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, दिवा मात्र तिथे लागत नाही.

७ डिसेंबर: बॅटरी

रात्रभर उभ्या गाडीवर, काहीही चालू न करता: १२.३१ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरीला १२.६ च्या पुढे हवेत, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ३ अँपिअरवर सावकाश चार्ज केली, काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली: १२.६४. हायड्रोमीटरवर सहाही सेलमध्ये १.२४५ ते १.२५५, म्हणजे एकही सेल मेलेला नाही. थंड ॲसिडचा आकडा फुगतो हे लक्षात ठेवावे: २७ अंशांखाली दर १० अंशांना साधारण ०.००७ वजा करायचे.

इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.१ व्होल्ट. अल्टरनेटर ठीक. बॅटरी बदलायची नाही.

१३ डिसेंबर: सेल्फ मारताना करंट कुठे गळतो

या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग. इथे ओहम मोजून काही कळत नाही. सेल्फ १०० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. जोडात ०.०१ ओहम अडथळा असेल तर तिथे १ व्होल्ट जातो, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरवर दिसतच नाही. म्हणून करंट वाहत असतानाच त्या जोडाच्या दोन टोकांवरचा व्होल्ट मोजायचा.

कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी उच्च व्होल्ट तयार करणारी) डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी मायनस वायर काढली, म्हणजे इंजिन पेटणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. एकाने आत बसून प्रत्येक वेळी पाच सेकंद सेल्फ मारायचा आणि मध्ये अर्धा मिनिट थांबायचे. मीटर डीसी व्होल्टवर. प्रोब क्लॅम्पवर टेकवायचा नाही, थेट बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर टेकवायचा.

पोस्ट ते पोस्ट: १०.४. (९.६ च्या खाली गेले असते तर बॅटरीवर संशय.)
प्लस पोस्ट ते सेल्फचा मोठा बोल्ट: ०.३५. चालेल.
मायनस पोस्ट ते इंजिन ब्लॉक: १.१. हे अजिबात चालणार नाही. ०.२ पर्यंत सोडून देता येते.
कॉइलचा प्लस ते इंजिन ब्लॉक: ७.४.

(कॉइलचा आकडा घेताना मायनस वायर परत जोडली, कॉइलमधून करंट वाहत नसेल तर हा आकडा खोटा चांगला येतो. गाडी पेटू नये म्हणून कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरच्या मध्यात जाणारी एचटी (उच्च व्होल्टची) वायर काढून ब्लॉकला पक्की टेकवून ठेवली.)

बॅटरी १०.४ देते आणि कॉइलला ७.४ पोचतात. तीन व्होल्ट वाटेत गेले. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ७.४ ला १० शी ताडून पाहिले तर करंट पाऊणपट, पण ठिणगीची ऊर्जा जवळजवळ अर्ध्यावर. थंड हवेत पेट्रोलची वाफ कमी होते, ओलसर मिश्रण पेटवायला जास्त ताकदीची ठिणगी लागते, आणि नेमकी त्याच वेळी ती कमजोर पडते. थंड इंजिन, घट्ट झालेले ऑइल, जड सेल्फ आणि कमी व्होल्ट ही एकच साखळी आहे. ‘स्टार्टिंगचा त्रास’ आणि ‘वायरिंगचा त्रास’ अशी दोन वेगळी कामे इथे नाहीत.

१४ डिसेंबर: अर्थिंग (‘अर्थ’, म्हणजे बॅटरीच्या मायनसचा इंजिन-बॉडीशी जोड)

१.१ व्होल्टचे तुकडे पाडले: पोस्ट ते क्लॅम्प ०.४, क्लॅम्प ते केबलच्या दुसऱ्या टोकाचा लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) ०.१५, लग ते गिअरबॉक्सची बॉडी ०.५५.

लगचा बोल्ट सैल नव्हता, १२ च्या पान्याने जोर लावूनच सुटला. पण लग उचलल्यावर खाली हिरवट-पांढरी भुकटी, तिच्याखाली काळा पडलेला ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग, आणि लग व ॲल्युमिनियमच्या मध्ये गंजून चपटा झालेला स्प्रिंग वॉशर. म्हणजे सेल्फचा सगळा करंट त्या गंजक्या वॉशरमधून चालला होता. बोल्ट घट्ट आहे म्हणून जोड चांगला आहे असे धरून चालता येत नाही.

लगला नवी १६ चौ.मिमी केबल, दाबून क्रिम्प केलेली, वर गरम करून आवळायची स्लीव्ह. नुसते झाळकाम करून बसवलेला लग टाळावा: झाळ केबलच्या तारांत वर चढते, तिथे केबल कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने त्याच रेषेवर तुटते. बसण्याची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली. लग सरळ धातूवर, त्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग बोल्ट. घट्ट केल्यावर बाहेरून व्हॅसलिन. शिशाचे पोस्ट आणि क्लॅम्प गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतले, आतून घासले.

गिअरबॉक्सकडून बॉडीला जाणारी बारीक अर्थ पट्टी अर्धी तुटलेली होती. तिच्या जागी ६ चौ.मिमी वायर. ही पट्टी तुटली की दिव्यांचा आणि वायपरचा करंट परतायला वाट शोधतो. चोकची आणि ॲक्सिलरेटरची केबलही त्याला चालते. चोकची केबल गरम लागत असेल किंवा आतून जळून अडकली असेल, तर आधी ही पट्टी बघावी.

पुन्हा मोजले: मायनस पोस्ट ते ब्लॉक ०.१२. पोस्ट ते पोस्ट मात्र आता १०.२, आधीपेक्षा कमी. ते बरोबर आहे. अडथळा गेला, सेल्फ जास्त करंट घेऊ लागला, म्हणून बॅटरी थोडी जास्त दबते. सेल्फचा आवाज कानालाच कळण्याइतका हलका झाला.

२० डिसेंबर: चावी, फ्यूज आणि सेल्फचा रिले

बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसपर्यंतचे १.९ व्होल्ट शोधले. मेन वायर ०.२, फ्यूजची पकड ०.५, चावीच्या स्विचमध्ये ०.७, स्टीअरिंगखालच्या कनेक्टरमध्ये ०.५. कनेक्टरची एक पिन तपकिरी, तिच्याभोवतीचे प्लास्टिक वितळून लाटेसारखे झालेले.

याचे कारण त्या स्विचवरचा भार. सेल्फच्या सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) बारीक वायर चावीतून येते आणि सोलेनॉइड ओढताना क्षणभर वीस-तीस अँपिअर घेतो. पस्तीस वर्षे हा करंट त्याच संपर्कावरून गेला. ‘टक्’ होऊन सेल्फ न फिरणेही इथलेच: सोलेनॉइडला पूर्ण व्होल्ट मिळत नाही, तो अर्धवट ओढतो.

चावीच्या मागचा स्विच ब्लॉक नवा. कनेक्टरमधली जळकी पिन कापून नवी पिन. फ्यूजच्या पकडी बारीक पॉलिश पेपरने साफ करून चिमटीने आवळल्या. आणि चार पिनांचा ३० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), त्याच्या पिनांच्या नंबरांप्रमाणे:

३० नंबरवर बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौ.मिमी वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज.
८७ वरून २.५ चौ.मिमी वायर सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला.
८६ वर चावीकडून येणारी जुनी सेल्फची वायर.
८५ इंजिनवरच्या अर्थला.

रिले उभा, पिना खाली ठेवून बसवावा, म्हणजे पाणी आत थांबत नाही. आता चावीच्या स्विचवर रिलेच्या कॉइलचे जेमतेम ०.२ अँपिअर.

सेल्फ मारताना कॉइलच्या प्लसला ९.६ व्होल्ट. ‘टक्’ बंद झाले. सकाळी पेटायला मात्र अजूनही वेळ लागतो. म्हणजे ठिणगी सुधारली, पण पेट्रोलकडे काहीतरी आहे.

२१ डिसेंबर: चालू सेल्फला बंद होणारे पेट्रोल

या इंजिनचा पेट्रोल पंप यांत्रिक, कॅमशाफ्टवर चालणारा. इंजिन फिरले तरच पेट्रोल चढते. कार्बोरेटरच्या फ्लोट बोलला (आत पेट्रोल साठणाऱ्या वाटीला) काचेची छोटी खिडकी आहे. पातळी तिच्यावरच्या गोल खुणेत हवी. रात्री गाडी बंद करताना पातळी बरोबर, सकाळी खिडकी रिकामी. गरम इंजिनवर बोलमधले पेट्रोल उडून थोडे कमी होणे स्वाभाविक. पण सकाळी सेल्फ मारल्यावर पातळी चढायला हवी, ती हलत नव्हती.

पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये एलपीजी किटचा पेट्रोल बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह राहून गेला होता. करंट मिळाला की उघडतो, नाही मिळाला की बंद. टेस्ट लॅम्प त्याच्या वायरीवर लावला. चावी ‘ऑन’: दिवा लागला. चावी सेल्फकडे वळवली: दिवा विझला. चावी सोडली: पुन्हा लागला.

किट बसवणाऱ्याने ही वायर रेडिओच्या, म्हणजे ॲक्सेसरीच्या लाइनवरून घेतली होती. सेल्फ मारताना ती लाइन चावीतच कापली जाते, म्हणजे सगळा करंट सेल्फला मिळावा. म्हणून पंप जेव्हा फिरत होता नेमका तेव्हाच व्हॉल्व्ह बंद, आणि व्हॉल्व्ह उघडा तेव्हा पंप थांबलेला. दिवसा बोल भरलेला असल्याने गाडी चालू व्हायची, सकाळी बोल रिकामा म्हणून अडायची. थंडीत बोलमध्ये जे थोडे उरते तेही चोकवर लगेच संपते. अशा दोषावर कार्बोरेटर किती वेळा खोलला तरी काही निघणार नाही.

व्हॉल्व्ह काढून टाकला. गाडी पुढेही गॅसवर चालवायची असती तर त्याची वायर कॉइलच्या लाइनवरून, स्वतःच्या ५ अँपिअर फ्यूजसह घ्यावी लागली असती. किटचा स्विच आणि इतर वायरी मुळापासून काढल्या. मूळ वायरवर जिथे कातडे सोलून पिळलेले जोड होते तिथे नवा तुकडा क्रिम्प करून स्लीव्ह चढवली. कार्बोरेटरच्या तोंडावरची गॅस मिक्सरची चकतीही काढली. तिने हवेची वाट अरुंद होते आणि एअर क्लीनर नीट बसत नाही. किट काढलेल्या गाडीच्या आरसीवर इंधनाची नोंद आरटीओत दुरुस्त करून घ्यावी.

पंप ते कार्बोरेटर आणि टाकीकडून येणारा, दोन्ही रबरी पाइप बदलले. जुना पाइप दाबला तर टोकाशी भेगा दिसत होत्या आणि आतून चिकट झाला होता. इंधन भरायच्या पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते आणि जुन्या जमान्याचे रबर इथेनॉलला टिकत नाही: फुगते, मऊ पडते, आतून सोलून कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) जाते. पाइप घेताना अंगावर ‘एसएई जे३० आर९’ छापलेले बघून घ्यावे. आतला व्यास ६ मिमी, टोके काटकोनात कापलेली, पेट्रोलचे गोल कडेचे क्लॅम्प. हे काम करताना बॅटरीचा मायनस काढलेला, गाडी उघड्यावर, अग्निशामक हाताशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी: चोक पूर्ण, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडला, सेल्फ. खिडकीत पातळी चढताना दिसली आणि गाडी पेटली.

२७ डिसेंबर: चोक, पॉइंट, प्लग

चोकचा नॉब पूर्ण ओढला तरी वरची झडप कडेला चारेक मिमी उघडी राहत होती. केबलचे आवरण क्लॅम्पमधून सरकले होते. नॉब पूर्ण आत ढकलून, तारेला एक-दोन मिमी ढील ठेवून आवरण पुन्हा आवळले. ओढल्यावर झडप पूर्ण मिटली पाहिजे आणि ढकलल्यावर अगदी उभी झाली पाहिजे. दुसरी अट विसरली तर गाडी दिवसभर काळा धूर काढते.

ई२० बाबत एवढेच: इथेनॉलला पेटायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच जेटवर मिश्रण हलके (हवा जास्त, इंधन कमी) पडते, आणि वाफ व्हायला ते उष्णता जास्त खाते. म्हणून थंडीत चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवावा लागतो. इंजिन नीट गरम झाल्यावर आयडल स्क्रू आणि मिश्रणाचा स्क्रू लावला, ८५० ते ९०० आरपीएम.

पॉइंट: गॅप ०.२५ मिमी उरला होता, ०.४५ ला आणला (मर्यादा ०.४ ते ०.५). एका पॉइंटवर टेकाड आणि दुसऱ्यावर खड्डा होता, म्हणून पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदलले. फाइलने घासून काम काही आठवडेच चालते. कॅमला चिमूटभर ग्रीस, जास्त लावले तर ते पॉइंटवर उडते. गॅप बदलला की टायमिंग सरकते, त्यामुळे टायमिंग लाइटने शेवटी पुन्हा बघायचे. कॉइलची प्रायमरी ३.१ ओहम, बॅलास्टशिवायची (बाहेरचा रेझिस्टर न लागणारी). इथे दीड ओहमची कॉइल बॅलास्टविना लावली तर पॉइंट जळतात.

प्लग गॅप ०.७५. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दोन टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ होती. दव पडले की ठिणगी त्या रेघेवरून पळते. कॅप बदलली. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर ०.१५ (०.१३ ते ०.१८).

३ जानेवारी: थर्मोस्टॅट

गाडी आता लगेच पेटते, पण दोन-तीन किलोमीटर चोक आत ढकलता येत नव्हता. ढकलला की अडखळते. तापमानाचा काटा महामार्गावर खाली पडतो. थर्मोस्टॅटची (इंजिन गरम होईपर्यंत त्याचे पाणी रेडिएटरकडे न जाऊ देणाऱ्या झडपेची) टोपी खोलली तर आत काहीच नाही. ‘गाडी गरम होऊ नये म्हणून’ थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे आणि ती वाईट आहे. इनटेक मॅनिफोल्डला (सिलेंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीला) उष्णता इंजिनच्या याच पाण्यातून मिळते. ते पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमध्ये फिरले की मॅनिफोल्ड थंड राहतो, पेट्रोल भिंतीवर ओघळते, सिलेंडरमधले ऑइल धुऊन निघते.

८२ अंशांचा नवा बसवला. बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने लटकवून पाणी तापवले; ८२ च्या सुमारास उघडू लागला. तो पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नये. छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला, म्हणजे हवा निघते. नवे गॅस्केट, दोन्ही पृष्ठभाग खरवडून. चोक आता पहिल्या किलोमीटरमध्येच आत जातो.

त्याच दिवशी २०डब्ल्यू-५० ऑइल काढून थंडीत कमी घट्ट होणारे १५डब्ल्यू-४० भरले, फिल्टरसह.

१० जानेवारी: हेडलाइट

इंजिन चालू, बॅटरीवर १३.८, बल्बच्या सॉकेटवर १०.७. बल्बचा उजेड व्होल्टपेक्षा फार वेगाने पडतो. इतक्या फरकाला तो निम्म्याहून कमी होतो. जास्त वॅटचे बल्ब लावणे हा उपाय नाही, त्याने कॉम्बिनेशन स्विच जळतो. ६०/५५ वॅटचेच एच४ ठेवून दोन रिले, एक लो आणि एक हाय, प्रत्येकाला १५ अँपिअर फ्यूज, २.५ चौ.मिमी वायर, प्रत्येक दिव्याची अर्थ वेगळी.

जोडण्याआधी टेस्ट लॅम्पने सॉकेट तपासावे. सुझुकी घराण्याच्या गाड्यांत अनेकदा बल्बच्या सामाईक पिनवर प्लस असतो आणि स्विच मायनस जोडतो. इथेही तसेच निघाले. म्हणून जुन्या सॉकेटमधला सामाईक प्लस दोन्ही रिलेंच्या ८६ वर, आणि लो-हायच्या वायरी ज्याच्या त्याच्या ८५ वर. नेहमीप्रमाणे ८५ अर्थला जोडला असता तर दोन्ही रिले कायम ओढलेले राहिले असते.

सॉकेटवर आता १३.३.

११ जानेवारी: उभ्या गाडीतली गळती

बॅटरीचा मायनस काढून मीटर १० अँपिअरच्या भोकात, मध्ये जोडला. दारे बंद, चावी काढलेली. या स्थितीत सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा: ०.१८ अँपिअर. दिवसाला सव्वाचार अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी. लक्षणाशी जुळते.

एकेक फ्यूज काढून पाहिला. रिमोट हरवलेला जुना सायरन अलार्म सुमारे ०.१२ ओढत होता; डॅशबोर्डखालून पूर्ण काढला. स्टिरिओचा अ‍ॅम्प्लिफायर ०.०५, त्याची ‘रिमोट’ (त्याला चालू-बंद करणारी) वायर थेट बॅटरीवर होती, ती स्टिरिओच्या निळ्या वायरवर नेली. उरले ०.०१, स्टिरिओच्या मेमरीचे. फ्यूज काढूनही आकडा हलला नसता तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून डायोड तपासायचा होता.

१७ जानेवारी: बाकी

आठवडाभर उभी ठेवून सकाळी: बॅटरी १२.५८, सेल्फ मारताना १०.२, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला पेटली. बोल आठवड्याने पूर्ण आटतो, म्हणून इतक्या खंडानंतर आधी चोकशिवाय पाच सेकंद सेल्फ मारून बोल भरायचा, अर्धा मिनिट थांबायचे, मग चोक ओढायचा.

वायपरच्या मोटरच्या अर्थला अजून ०.६ व्होल्ट पडतात. तो जोड डॅशबोर्डमागे आहे, हीटरची नळी काढल्याशिवाय हात पोचत नाही. पेट्रोल टाकीच्या सेंडिंग युनिटची (पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाची) वायरही मागच्या सीटखाली गंजली आहे, काटा अर्ध्यावर अडकतो. दोन्ही कामे टाकी उतरवताना एकदमच.